नावाखाली काय छापायचं?

अहो, तुम्ही जाऊन आठवडा झाला नाही तोच विलासभाऊजींनी मला कोड्यात टाकलं. हातात पत्रिकेचा नमुना घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, दादांच्या नावाखाली काय छापायचं?"

उत्तरकार्याच्या पत्रिकेवर माणसाच्या नावाखाली एक ओळ असते, तुम्हाला माहीतच आहे. सेवानिवृत्त मुख्याध्यापक, माजी सरपंच, प्रगतिशील शेतकरी. बायकांच्या नावाखाली काही नसतं म्हणून तुम्हीच एकदा कुरकुरला होतात. तर तुमच्या नावापुढे बी.ए., बी.लिब. येणार, यावर दोन मतं नव्हती. घोडं अडलं ते खालच्या ओळीवर. भाऊजींचं म्हणणं, पदवी आहे तेवढी बास, खाली कोरंच ठेवू, उगाच लोकांना बोलायला जागा नको. धाकटा भाऊ तो, त्याला तुमची अब्रू सांभाळायची होती. माझे वडील, नाना, धरणगावहून आलेले, ते भिंतीला टेकून बसले होते. तुमच्या कामाविषयी नाना कधी काही बोललेच नाहीत, तर आता काय बोलणार.

मी मात्र ठाम सांगितलं की कोरं ठेवायचं नाही. काय छापायचं ते मला सुचत नव्हतं, पण कोरं नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. भाऊजींना सांगत बसायला माझ्यात तेव्हा त्राण नव्हतं.

खरं तर आपलं लग्नच मुळी एका ओळीच्या घोटाळ्यातून झालं. शिंदखेड्याचे तुमचे मामा माझं स्थळ घेऊन धरणगावला आले होते. ओसरीवर बसून चहा पिता पिता त्यांनी नानांना सरळ सांगितलं, "पोऱ्या बी.लिब. शे. धुयाले लायब्ररी चलाडस." ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, धुळ्यात लायब्ररी चालवत होतात, मामांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. पण नाना पडले मराठीचे शिक्षक. निबंधात इंग्रजी शब्द आला की तांबड्या शाईने अधोरेखित करून शेजारी मराठी शब्द लिहिणारे. त्यांनी मनातल्या मनात लायब्ररी खोडली आणि ग्रंथालय लिहिलं. आईला आत येऊन म्हणाले, "मुलगा ग्रंथपाल आहे." शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि लग्नपत्रिकेवर तसं छापूनही टाकलं. कुणी एका अक्षराने विचारलं नाही की लायब्ररी कसली. तेव्हा धुळ्यात गल्लोगल्ली सिनेमाच्या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या व्हिडिओ लायब्रऱ्या निघत होत्या, पण धरणगावात आमच्या घरी ते वारं पोचायचं होतं.

तुम्ही पत्रिका पाहून गप्प का बसलात, हे मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वाचायला बरं वाटलं." इतकं खरं उत्तर ऐकून मला रागावताही आलं नाही.

मग नाना धुळ्याला आले. जावयाचं ग्रंथालय दाखवायला शाळेतल्या दोघा शिक्षकांना सोबत घेऊन, आणि ग्रंथालयाला भेट द्यायला घरातल्या पुस्तकांचा एक गठ्ठा सुतळीने बांधून. तुमच्या दुकानाच्या दारावर कुठल्याशा हिरोचं भलंमोठं पोस्टर, हातात बंदूक. आत रांगेने कॅसेटी. नाना पायरीवरच थांबले. "ग्रंथ कुठे आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाना, इथे कॅसेटी असतात. पण या ना आत." सोबतचे एक मास्तर हळूच म्हणाले, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा." हळूच म्हणाले, पण तुम्हाला ऐकू जाईल इतपतच हळू. नाना गठ्ठा तसाच उचलून आपल्या धुळ्याच्या घरी आले, जेवले, तुमच्याशी कापसाबद्दल बोलले आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेले. त्यानंतर धुळ्याला किती वेळा आले असतील, पण दुकानाची पायरी चढले नाहीत. आणि कधी उल्लेख करायची वेळ आलीच, तर 'ते दुकान' म्हणायचे.

तुम्ही त्यांना खूश करायला केलेला उद्योग आठवला की मला या दिवसांतसुद्धा हसू येतं. जुनी पाटी उतरवून तुम्ही नवी लावलीत, 'ध्वनिचित्रफीत ग्रंथालय'. पेंटरने पैसे अक्षरांवर घेतले म्हणून वर त्याच्याशी हुज्जतही घातलीत. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बंद! लोक पाटी वाचायचे आणि पुढे जायचे. एक जण तर घरी येऊन विचारून गेला, "भाऊ, दुकान कुठे हलवलं?" तुम्ही निमूटपणे जुनी पाटी पुन्हा चढवलीत. नानांना त्यातलं काही कळलंही नाही.

पण त्या दुकानात तुम्ही काय करत होतात, ते मी रोज डबा घेऊन यायचे तेव्हा पाहिलंय. पुण्याला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आलेला माणूस, कॉलेजातलं पद मंजूर होईना म्हणून मित्राचं दुकान चालवायला बसलेला. लोकांना वाटायचं, दुधाची तहान ताकावर भागवतोय. तुम्ही तसं बसलाच नाहीत. प्रत्येक कॅसेटला नंबर, प्रत्येकीचं कार्ड, लाकडी खोक्यात ओळीने लावलेलं. बाकीचे दुकानदार हिरोप्रमाणे कॅसेटी लावायचे. तुम्ही लावल्यात घरात कोण कोण बसून बघणार त्याप्रमाणे. सासूसुनांनी एकत्र बघायचे सिनेमे वेगळे, लेकरं असतील तेव्हाचे वेगळे, नुकतंच कुणी वारलंय अशा घरात चालतील ते वेगळे. गिऱ्हाईक यायचं, "भाऊ, तो पिक्चर द्या, ज्यात भाऊ जत्रेत हरवतो." आता अर्ध्या दुकानातले भाऊ जत्रेत हरवलेले! तुम्ही न हसता विचारायचात, "हरवलेला पोलीस होतो की चोर? आई आंधळी आहे का? घरी कोण कोण बघणार आहे?" चार प्रश्नांत नेमकी कॅसेट काढून हातात द्यायचात. मला म्हणायचात, "सुमन, मागणाऱ्याला काय हवंय ते त्याला सांगता येतंच असं नाही. ते त्याला न दुखवता काढून घ्यायचं. आम्हाला हेच शिकवलं, बाकी सगळं नंबर टाकणं."

लोक 'व्हिडिओवाले' म्हणाले की तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. 'लायब्ररीवाले भाऊ' म्हटलं की लगेच मान वळवायचात. भर बाजारात मी हे गंमत म्हणून करून पाहिलं होतं, मागे जाऊन आवाज बदलून. तुम्ही वळलात आणि मला पाहून लाजलात.

घरातही तुमची लायब्ररी चालायचीच. लग्नानंतर माझी मांडणी तुम्ही पार मोडून टाकलीत. मोहरीच्या शेजारी हिंग, हिंगाच्या शेजारी कढीपत्ता, आणि चहा साखरेपासून दोन डबे लांब असलेला तुम्हाला सहन होईना. "दिसायला सारखे डबे शेजारी ठेवायचे नसतात, कामाला लागतात ते ठेवायचे." मी म्हणायचे, स्वयंपाक मी करते की तुम्ही? तुम्ही दुपारी लावायचात, मी संध्याकाळी मोडायचे. मी लावलेलं तुम्ही सकाळी परत मोडायचात. तुमच्यानंतर सुतकात शेजारणी येऊन सगळं करत होत्या. एक जण म्हणाली, "वहिनी, तुमच्या घरात काही शोधावंच लागत नाही." मी आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

आता त्या भांडणाकडे येते, कारण ते अर्धवटच राहिलंय. एका गावच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली. कायम. केबल अजून आली नव्हती, पण येणार येणार म्हणत होते. तुम्ही मुलाखतीला जाऊन आलात, आणि मी दारातच विचारलं, काय झालं. तुम्ही चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "देत होते. मी नाही म्हटलं." प्राचार्य भले होते म्हणे. त्यांना तुम्ही आवडलात. फक्त अर्जातला अनुभवाचा रकाना बघून ते म्हणाले, हे व्हिडिओचं काढून टाका, कॉलेजच्या कागदात बरं दिसत नाही, ती वर्षं कोरी सोडा, पुढचं मी बघतो. तुम्ही म्हणालात, कोरी कशी सोडू, त्या वर्षांत मी लायब्ररीच चालवली. ते हसले. तुम्ही नमस्कार करून उठलात.

मी तेव्हा काय म्हटलं ते मला आठवतं आणि आजही तेच म्हणते. एक रकाना कोरा सोडला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का? आधी आत शिरून मग हवं ते करायचं होतं. तिथल्या मुलांना कुणी तुमच्यासारखे चार प्रश्न विचारले असते का? त्यांचं काय? पगार असता, पेन्शन असती, मला शिवणक्लास काढून बायका मोजत बसायला लागलं नसतं. नानांचा शब्दही खरा झाला असता. या सगळ्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "सुमन, कोरी सोडली असती तर तू डबा घेऊन कुठे येत होतीस?" हे काय उत्तर झालं? मी तेव्हा अबोला धरला. अजूनही मला वाटतं, माझंच बरोबर होतं. आणि अजूनही ते वाक्य आठवलं की तुमचंही बरोबर वाटतं. एकाच माणसाला या दोन्ही गोष्टी वाटू शकतात, हे तुमच्याशी संसार करून कळलं.

केबल आलीच. वर्षभरात दुकानं बसली. तुम्ही महिनाभर घरात नुसते माझे डबे हलवत बसलात, तेव्हा मला भीती वाटली होती. मग ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याने बोलावलं, त्याच्या माडीवरचे बेअरिंग आणि ऑइल सील लावून द्यायला. त्याच्याकडे माल असायचा पण सापडायचा नाही, आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं. मग वकिलांच्या फायली. मग जळगावचे ते हाडांचे डॉक्टर. त्यांच्या खोलीत एक्स-रेंचा ढीग कमरेइतका. तुम्ही त्यांना विचारलंत, "डॉक्टर, तुम्हाला पेशंटचं नाव आठवतं की त्याचं हाड?" डॉक्टर विचारात पडले आणि म्हणाले, "हाड!" मग तुम्ही पाकिटं नावाने लावलीत आणि हाडांची कार्डं वेगळी केलीत. गुडघा म्हटलं की गावोगावचे गुडघे हजर. आठवड्यातून तीनदा धुळे-जळगाव एस.टी.ने जाऊन येऊन करत होतात. घरी आल्यावर खुलून सांगायचात, "एक मनगट आज तीन वर्षांनी सापडलं." शेजारच्यांना वाटायचं, तुम्ही कुठे काम करता कोण जाणे. पुण्यात तुमच्याबरोबर शिकलेल्यांपैकी किती जण खऱ्या ग्रंथालयात लागले, असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पुस्तकं नसली म्हणून काय झालं, लोकांना काही ना काही सापडत नसतंच." आणि हसायचात. त्या हसण्यात थोडं दुःख असायचं, मला दिसायचं. मी ते दिसल्याचं दाखवलं नाही, आणि तुम्हालाही ते तसंच हवं होतं.

एक मात्र सांगायचं राहून गेलं. क्लासमध्ये नवी बाई कापड घेऊन आली की मी आधी टेप लावत नाही. आधी विचारते, कुठे घालणार आहात, कुणाच्या समोर, बसायचंय की राबायचंय. बायका म्हणतात, बाईंच्या ब्लाउजला काही वेगळंच बसणं असतं. ते तुमचं आहे. सांगेन सांगेन म्हणत होते, पण तुम्ही फुशारून गेला असतात म्हणून लांबवलं.

तर त्या ओळीचं. भाऊजी नमुना घेऊन बसलेले, नाना भिंतीला टेकलेले, मी ओळ शोधत बसलेली. तेवढ्यात दारावर एक म्हातारी बाई आली. डोक्यावर पदर, भाजी विकून आल्यासारखी मोकळी पाटी काखेत. उंबऱ्याशीच थांबून म्हणाली, "लायब्ररीवाला भाऊनं घर हाईच शे का?"

मला ती ओळखू आली नाही. यमुनाबाई नाव सांगितलं, शिंदखेड्याकडची, पूर्वी तुमच्या दुकानासमोर भाजी घेऊन बसायची. पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं. मग नानांकडे बघत बोलायला लागली, घरात वडीलधारे तेच म्हणून.

"मना पोऱ्या सुरतले कामले गया व्हता, बाबा. लूमवर. दोन साल घर ऊना नही. माले वाटे, तो ऱ्हास तो गाव कसा शे, रस्ता कसा शे, झाडंबिडं शे का नही. भाऊले म्हनं, ज्यामा सुरत दिसस असा पिक्चर दे. दुकानमाना बठ्ठा लोके हासनात. भाऊ नही हासना. माले इचारं, पोऱ्या कोन्ता भागमा ऱ्हास?"

"मग?" नानांनी विचारलं. भिंत सोडून ते पुढे सरकले होते.

"मंग म्हने, आजी, असा पिक्चर तर मनाजोडे नही. चार दिनमा ये. त्या गल्लीना गुजराती शेठनी पोर सुरतले दियेल शे, तिना लगननी कॅसेट भाऊ मांगी लयना. माले दुकानमा बसाडं, टीव्ही लावा. नवरदेव घोडावर, नि मांगे बठ्ठं सुरत. पूल दिसना, दुकानं दिसनात, सायकलवर जानारा पोरे दिसनात. भाऊ मशीन थांबाडे नि म्हने, आजी, नीट देख. लगन कोननं, माले काय करनं! मी मांगलं सुरत देखं."

"मुलगा दिसला?" नानांनी विचारलं.

"पोऱ्या कसाले दिसी, बाबा? पन गाव दिसना. त्या रातले माले झोप लागनी."

एवढं सांगून ती ते पाणी प्यायली आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली. अहो, शेठच्या घरून लग्नाची कॅसेट मागून आणून तुम्ही तिला सुरत दाखवलंत, हे मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही घरी येऊन मनगटाचं सांगायचात, सुरतचं कधी बोलला नाहीत. भाऊजी नमुन्याकडे बघत बसलेले. मी म्हटलं, "भाऊजी, लिहा. धुळ्याचे लायब्ररीवाले." भाऊजी चाचरले, "वहिनी, लोक व्हिडिओ समजतील." मी म्हटलं, "समजू देत." त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीतून गल्लीत बघत होते, यमुनाबाई गेली त्या दिशेला. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मला वाईट वाटलं. तुम्ही गेल्यावर तरी त्यांनी एक शब्द बोलावा, असं मला वाटत होतं, आणि तो मागून मिळणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याचा माणूस स्वतःच प्रूफ घेऊन आला. तुमचं जुनं गिऱ्हाईक, बराच वेळ हात जोडून बसला. प्रूफ त्याने नानांच्या हातात दिलं, शुद्धलेखन बघायला गुरुजींसारखं दुसरं कोण. नानांनी चष्मा लावला. मी मागून डोकावले. तुमच्या नावाखाली छापलं होतं, 'ग्रंथपाल, धुळे'.

"हे कुणी बदललं?" नानांनी विचारलं.

"मीच, गुरुजी. लायब्ररी म्हटलं की लोकांना व्हिडिओच आठवतो. शेवटची पत्रिका आहे, जरा शुद्ध असावं म्हटलं."

"व्हिडिओच होता," नाना म्हणाले.

तो माणूस गोंधळला. नानांनी खिशातलं पेन काढलं, ग्रंथपाल या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, लायब्ररीवाले. लिहून झाल्यावर पेन तसंच हातात धरून म्हणाले, "लग्नात मीही असंच शुद्ध केलं होतं. नको. माझे जावई लायब्ररी चालवायचे. तसंच छाप. आणि 'ररी'तली वेलांटी दुसरी घे, पहिली नको."

"अहो, ऐकलंत का," असं म्हणत मी तुम्हाला सांगायला आतल्या खोलीकडे वळलेसुद्धा.